रेडिओवर विमानाची ओळख: हलक्या विमानाचं मॉडेल नेमकं कसं सांगावं

एका साध्या चार आसनी विमानाला किती नावं असतात पाहा. कंपनी सेस्ना. मॉडेल १७२एस. विक्रीचं नाव स्कायहॉक एसपी. फ्लाइट प्लॅनमध्ये लिहायचा संकेत सी१७२. शिवाय अंगावर रंगवलेलं रजिस्ट्रेशन वेगळंच. पाचही बरोबर आहेत, पण बटण दाबून पाचही एका दमात सांगितली तर ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही आणि तेवढा वेळ फ्रिक्वेन्सी मात्र अडून राहते.

मग यातलं कोणतं सांगायचं? नियमांची पुस्तकं बरीच मोकळीक देतात आणि नवशिक्यांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. मी एकच कसोटी लावतो: पलीकडे कोण ऐकतंय आणि त्या नावावरून त्याला काय ठरवायचंय? जमिनीवरून विमानांचा क्रम लावणाऱ्या कंट्रोलरला तुमचा वेग हवा असतो, सर्किटमधल्या, म्हणजे विमानतळाभोवतीच्या ठरावीक फेरीतल्या, दुसऱ्या वैमानिकाला तुमचा आकार. म्हणून एकाच विमानाचं एकाच उड्डाणात दोन तऱ्हेनं वर्णन करावं लागलं तर त्यात काही वावगं नाही. कॉल साइन, म्हणजे रेडिओवर विमानाला हाक मारायचं नाव, मात्र मध्येच बदलायची नाही.

कंट्रोलर नाव ऐकून काय करतो

समजा दोन विमानं फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, एकामागोमाग येताहेत. पुढे स्कायहॉक, वेग ६५ नॉट, म्हणजे ताशी ६५ नॉटिकल मैल. मागे दोन नॉटिकल मैलांवर बीचक्राफ्ट कंपनीचं बोनान्झा, वेग ९० नॉट. स्कायहॉकला धावपट्टी अजून पाच मैल आहे, म्हणजे पोचायला ४ मिनिटं ३७ सेकंद लागणार. तेवढ्या वेळात बोनान्झा जवळजवळ सात मैल कापतं. सुरुवातीचं दोन मैलांचं अंतर धावपट्टीच्या तोंडाशी येईपर्यंत जेमतेम दीडशे मीटर उरतं.

हे गणित कंट्रोलर कागदावर मांडत नाही. ‘स्कायहॉक’ आणि ‘बोनान्झा’ हे दोन शब्द कानावर पडले की त्याचा निर्णय सुरू होतो: बोनान्झाला आधी उतरवायचं, की बाजूला एक फेरी मारायला सांगायचं, की वेग कमी करायला लावायचा. रडार असलं तरी पडद्यावर दिसतो तो आत्ताचा वेग. फायनलवर हे विमान कितपत मंदावेल, हे त्याला मॉडेलच्या नावावरूनच कळतं. लहान टॉवरमध्ये तर दुर्बीण आणि खिडकी एवढाच आधार असतो. तिथे नाव हेच रडार.

आता यातल्या बोनान्झानं स्वतःला नुसतं ‘बीचक्राफ्ट’ म्हटलं, तर? बीचक्राफ्टमध्ये संथ, चाकं न मिटणारं मस्कटीअरही येतं आणि दोन टर्बोप्रॉप (पंखा फिरवणाऱ्या टर्बाइन) इंजिनांचं किंग एअरही. नाव खरं, पण निर्णयाला निरुपयोगी.

उडण्याआधी

पहिलं काम जमिनीवरचं आहे. विमानाच्या कागदपत्रांत आणि फ्लाइट मॅन्युअलच्या पहिल्या पानांवर मॉडेलचं अधिकृत नाव असतं, ते पाहा. भाड्याच्या किंवा क्लबच्या विमानांत हे हटकून करा, कारण एकाच रांगेत उभी असलेली, एकसारख्या रंगाची दोन विमानं वेगळी मॉडेल्स असू शकतात. पायपरच्या पीए-२८ कुटुंबाचं उदाहरण घ्या. पीए-२८-१६१ म्हणजे वॉरियर, पीए-२८-१८१ म्हणजे आर्चर. शेवटच्या आडव्या रेषेनंतरचा आकडा साधारणपणे इंजिनाची अश्वशक्ती सुचवतो. पीए-२८आर-२०१ म्हणजे ॲरो. त्यातला ‘आर’ सांगतो की चाकं आत ओढली जातात. १९६० साली पहिल्यांदा उडालेल्या चेरोकीचाच हा सगळा वंश.

दुसरं, प्रकार-संकेत शोधा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, ही यादी प्रसिद्ध करते. तिचा दस्तऐवज क्रमांक ८६४३. संकेत जास्तीत जास्त चार अक्षरांचा असतो. वॉरियर आणि आर्चर दोन्ही पी२८ए. ॲरो मात्र पी२८आर. साधं १७२ असेल तर सी१७२; त्याचीच चाकं मिटणारी कटलास आवृत्ती सी७२आर. दोन्ही उदाहरणांत फरक पाडला गेलाय तो चाकांवरून आणि त्यामागे कारण आहे: चाकं मिटली की वेग बदलतो. वॉरियर आणि आर्चर यांच्यातला वीस अश्वशक्तीचा फरक मालकाला कितीही मोठा वाटो, वाहतुकीच्या हिशेबात तो नगण्य.

हा संकेत फ्लाइट प्लॅनच्या नवव्या रकान्यात जातो. सोबत वेक टर्ब्युलन्सचा, म्हणजे विमानामागे उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांचा, वर्गही लिहायचा: सी१७२/एल. ‘एल’ म्हणजे लाइट, कमाल उड्डाण वजन ७,००० किलो किंवा त्याहून कमी. एवढी मर्यादा असल्यामुळे दोन आसनी प्रशिक्षण विमानापासून बऱ्याच मोठ्या टर्बोप्रॉपपर्यंत सगळे या एका अक्षरात मावतात. रेडिओवर ‘लाइट’ म्हणायची पद्धत नाही. ‘हेवी’ आणि ‘सुपर’ हे शब्द मोठ्या विमानांसाठी राखलेले आहेत.

विमानाला यादीत संकेतच नसेल तर रकान्यात झेडझेडझेडझेड लिहायचं आणि अठराव्या रकान्यात टीवायपी/ असं लिहून पुढे नाव द्यायचं.

तिसरं काम सगळ्यात किरकोळ आणि सगळ्यात उपयोगाचं: गुडघ्यावरच्या पाटीवर रजिस्ट्रेशन, बोलायचं मॉडेल आणि संकेत या तीन गोष्टी ठळक लिहून ठेवा. रोज वेगळं विमान मिळणाऱ्या विद्यार्थ्याच्या तोंडी कालचं रजिस्ट्रेशन फार सहज येतं.

कंपनी सांगायची की मॉडेल?

आयकाओच्या नियमांत मूळ कॉल साइन म्हणजे विमानाचं रजिस्ट्रेशन. त्याच्या आधी कंपनीचं किंवा मॉडेलचं नाव जोडायची मुभा आहे, सक्ती नाही. अमेरिकेत हे जोडणं रोजच्या सवयीचं आहे. तिथल्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनच्या मार्गदर्शनानुसार प्रकार, मॉडेल किंवा कंपनीचं नाव सांगायचं, पुढे रजिस्ट्रेशन, आणि नाव लावलं की रजिस्ट्रेशनच्या सुरुवातीचं ‘एन’ गाळायचं. म्हणजे एन१२३एबी हे ‘स्कायहॉक वन टू ट्री अल्फा ब्राव्हो’ होतं. ‘ट्री’ हा छापण्यातला दोष नव्हे. रेडिओवर तीनचा उच्चार ट्री, पाचचा फाइफ आणि नऊचा नायनर ठरलेला आहे, कारण खरखरीत एकमेकांत मिसळणारे आवाज टाळायचे असतात. कॅनडात कंपनीचं किंवा प्रकाराचं नाव आणि पुढे रजिस्ट्रेशनची शेवटची चार अक्षरं. ब्रिटनमध्ये सहसा नुसतं रजिस्ट्रेशन म्हणतात आणि प्रकार वेगळा सांगतात; त्याकडे पुढे येतो.

जिथे नाव लावायचं तिथे माझा कल सरळ मॉडेलच्या नावाकडे आहे. ‘सेस्ना’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर वर पंख असलेलं, संथ १५० किंवा १७२ येतं. त्यामुळे त्या दोघांनी ‘सेस्ना’ म्हटलं तर फारसं बिघडत नाही. १९५६ पासून बाजारात असलेल्या १७२ ची संख्या ४४,००० च्या वर गेली आहे, त्यामुळे ही समजूत निराधारही नाही. पण सायटेशन जेटही सेस्नाच आणि कॅरव्हॅन टर्बोप्रॉपही सेस्नाच. सायटेशनच्या वैमानिकानं ‘सेस्ना’ म्हणून हाक दिली तर कंट्रोलर त्याला ज्या फटीत बसवेल ती त्याच्या उपयोगाची नसेल. १८२ असेल तर स्कायलेन म्हणा, २१० असेल तर सेंच्युरियन.

‘पायपर’ची कथा याहून वाईट. ६५ नॉटच्या आसपास रमतगमत जाणारं कब आणि टर्बोप्रॉप शायान दोन्ही पायपरच. पायपरनं उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमातींवरून नावं ठेवायचा सपाटा लावला होता: चेरोकी, कोमँची, ॲझ्टेक, अपाची, सेनेका, नवाहो. ही नावं एकदा पाठ केली की रेडिओ ऐकताना चित्र झटकन उभं राहतं. पीए-२८ च्या कोणत्याही साध्या आवृत्तीला ‘चेरोकी’ म्हटलेलं चालतं. वॉरियर, आर्चर म्हटलेलंही चालतं. ॲरोला मात्र ॲरोच म्हणा.

सिरस हे नाव अनेक वर्षं निर्धास्तपणे वापरता येत होतं, कारण एसआर२० आणि एसआर२२ दोन्ही एका इंजिनाची, खाली पंखांची, एकमेकांसारखीच. मग त्याच कंपनीचं व्हिजन जेट आलं. आता एसआर-वाल्यांनी ‘सिरस’ आणि जेटवाल्यांनी ‘व्हिजन जेट’ म्हणणं सगळ्यांच्या सोयीचं.

काही नावं तर मुळातच दोघांत वाटलेली आहेत. डायमंड कंपनीचं दोन इंजिनांचं डीए४२ हे ट्विन स्टार. उत्तर अमेरिकेत एएस३५५ हेलिकॉप्टरलाही ट्विनस्टार म्हणतात. तिथे ‘डायमंड ट्विन स्टार’ असं पुरतं बोला, आणि हेलिकॉप्टरवाल्यानं आधी ‘हेलिकॉप्टर’ हा शब्द लावावा. कमांडर नावाचं एका इंजिनाचंही विमान आहे आणि दोन इंजिनांचंही, म्हणून दुसऱ्याला ट्विन कमांडर म्हणायचं. कोमँची आणि ट्विन कोमँचीचंही तेच. ‘ट्विन’ हा शब्द उच्चारायला अर्धा सेकंद लागत नाही.

आकड्यांचा घोळ

मॉडेलच्या नावात आकडा असला आणि लगेच पुढे रजिस्ट्रेशनचे आकडे आले की ऐकणारा फसतो. यातलं सगळ्यात नामी उदाहरण म्हणजे पायपरचं चेरोकी सिक्स, सहा-सात आसनांचं पीए-३२. समजा रजिस्ट्रेशन आहे एन१२३ए. वैमानिक म्हणतो, ‘चेरोकी सिक्स वन टू ट्री अल्फा’. टॉवरमध्ये काय लिहिलं जाईल? चेरोकी, एन६१२३ए. अमेरिकन रजिस्ट्रेशनमध्ये ‘एन’नंतर पाचपर्यंत अक्षरं-आकडे चालतात, त्यामुळे ६१२३ए हेही नियमात बसणारं रजिस्ट्रेशन आहे. ऐकणाऱ्याला शंका यायला जागाच नाही. शिवाय नुसतं चेरोकी समजल्यामुळे प्रकारही चुकला. एका ‘सिक्स’नं दोन्ही गोष्टी बिघडवल्या.

‘सेस्ना वन सेव्हन टू’ म्हणून लगेच आकडे सुरू करण्यातही हाच धोका. मूनी २०१ वाल्यांनी नुसतं ‘मूनी’ म्हणावं.

यावर उपाय दोन. एक, आकडा नसलेलं नाव वापरायचं: वन सेव्हन टू ऐवजी स्कायहॉक. दोन, आकडा सांगणं भागच असेल तर तो रजिस्ट्रेशनच्या नंतर, किंचित थांबून, वेगळा सांगायचा: ‘चेरोकी वन टू ट्री अल्फा, टाइप पीए थर्टी-टू’. ‘सिक्स’ आधी म्हणून मग छोटा विराम घ्यायचा असाही सल्ला मिळतो, पण माझा त्यावर भरवसा नाही. विराम तुमच्या डोक्यात असतो. रेडिओवर तो पोचेलच असं नाही, विशेषतः घाईत.

पहिला कॉल

बटण दाबण्याआधी ऐका. विमानांचा व्हीएचएफ रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एएम पद्धतीनं चालतो. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही बोलणं वाया जाऊन नुसती किंचाळी ऐकू येते. फ्रिक्वेन्सी मोकळी झाली की बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. तसं न केल्यास पहिला शब्द कापला जातो. वेग मिनिटाला शंभर शब्दांच्या आत ठेवा, हे आयकाओचं सांगणं आहे. घड्याळ लावून एकदा करून पाहा; शंभर शब्द वाटतात त्यापेक्षा बरेच संथ असतात.

क्रम असा: कुणाला हाक, आपण कोण, कुठे आहोत, काय हवंय.

‘टॉवर, स्कायहॉक वन टू ट्री अल्फा ब्राव्हो, एट माइल्स साउथ, टू थाउजंड फाइफ हंड्रेड, इनबाउंड फॉर लँडिंग.’

टॉवरच्या आधी त्या विमानतळाचं नाव येईल. पहिल्या हाकेत कॉल साइन पूर्ण. पुढे कंट्रोलरनं ‘स्कायहॉक ट्री अल्फा ब्राव्हो’ असं आखूड केलं की तुम्हीही तसंच म्हणायचं. आपणहून आखूड करायचं नाही. त्या क्षणी फ्रिक्वेन्सीवर तुमच्या नावाशी मिळतंजुळतं दुसरं कुणी आहे का, हे त्याला माहीत असतं, तुम्हाला नसतं. आयकाओच्या पद्धतीत नुसत्या रजिस्ट्रेशनचं आखूड रूप म्हणजे पहिलं अक्षर आणि किमान शेवटची दोन: जी-एबीसीडीचं जी-सीडी. कंपनीचं किंवा मॉडेलचं नाव लावलं असेल तर ते नाव आणि किमान शेवटची दोन.

आखूड रूपातही मॉडेलचं नाव टिकतं हे ध्यानात घ्या. ‘चेरोकी ट्री अल्फा ब्राव्हो’ आणि ‘स्कायहॉक ट्री अल्फा ब्राव्हो’ एकाच वेळी सर्किटमध्ये असले तर त्यांना वेगळं ठेवणारा शब्द तेवढाच. उत्तर देताना घाईत मॉडेल गाळून नुसतं ‘ट्री अल्फा ब्राव्हो’ म्हणायची सवय खूप जणांना असते. ती मोडा. उलट, एकाच संस्थेची पाच स्कायहॉक उडत असतील तर मॉडेलचं नाव वेगळेपणा दाखवायला काही कामाचं नाही; तिथे पूर्ण रजिस्ट्रेशनवरच राहा.

ब्रिटिश धाटणीची पद्धत निराळी. पहिली हाक फक्त ओळखीची: स्टेशनचं नाव, आपली कॉल साइन, कोणती सेवा हवी. पलीकडून ‘पास युअर मेसेज’ आलं की मग कॉल साइन आणि प्रकार, कुठून कुठे, सध्याचं ठिकाण, उंची, पुढचा बेत. इथे प्रकार कॉल साइनच्या मागून, स्वतंत्र तुकडा म्हणून येतो, म्हणून ‘पीए ट्वेंटी-एट’ असा आकडा सांगितला तरी गोंधळ होत नाही. ‘पास युअर मेसेज’ ऐकल्यावर विचार करायला बसायचं नसतं. हे पाच तुकडे आधीच पाटीवर लिहिलेले हवेत.

अमेरिकेत वाटेत फ्लाइट फॉलोइंग (रडारवरून आजूबाजूच्या विमानांची माहिती देणारी सेवा) मागताना प्रकारासोबत उपकरणांचं अक्षरही जोडायची रीत आहे: ‘सेस्ना वन सेव्हंटी-टू स्लँट गोल्फ’. ‘गोल्फ’ म्हणजे जीपीएससारखी उपग्रहांवर चालणारी दिशादर्शक यंत्रणा आणि उंची कळवणारा ट्रान्सपाँडर, म्हणजे रडारला आपोआप उत्तर देणारं यंत्र. हेही कॉल साइननंतरच, कंट्रोलरनं तपशील मागितल्यावर.

शिकाऊ असाल आणि एकटे असाल तर ते सांगा. अमेरिकेत कॉल साइननंतर ‘स्टुडंट पायलट’, ब्रिटनमध्ये तिच्याआधी ‘स्टुडंट’. यात कमीपणा कसला? कंट्रोलर सावकाश बोलतो आणि किचकट सूचना टाळतो. अनुभवी वैमानिकांनाही अनोळखी विमानतळावर ‘अनफॅमिलिअर’ म्हणता येतं आणि शहाणे म्हणतातही.

टॉवर नसलेला विमानतळ

इथे ऐकणारा बदलतो. कुणी क्रम लावून देत नाही. प्रत्येक जण बोलतो, ऐकतो आणि बाहेर बघतो. आता मॉडेलचं काम दुसऱ्याच्या डोळ्यांना मदत करणं.

या भागाकडे वैमानिकांचं सगळ्यात कमी लक्ष जातं असं मला वाटतं, म्हणून जरा थांबतो. स्कायहॉकचे पंख वर असतात. त्याच्या वैमानिकाला खालचं सगळं छान दिसतं, वरचं पंखाआड जातं. चेरोकीचे पंख खाली. त्याला वरचं दिसतं, खालचं पंखाआड. आता दोघं एकाच फायनलवर आलेत असं समजा: चेरोकी वर आणि किंचित मागे, स्कायहॉक त्याच्या खाली. चेरोकीचा वैमानिक खाली पाहू शकत नाही, स्कायहॉकचा वर पाहू शकत नाही. दोघंही धावपट्टीकडे डोळे लावून उतरताहेत आणि अंतर कमी होत चाललंय. एकमेकांना दिसण्याचा मार्गच बंद झालेला असतो. अशा वेळी ‘फायनल’ या शब्दाआधी ऐकलेलं ‘चेरोकी’ किंवा ‘स्कायहॉक’ सांगतं की समोरचा कुठे आंधळा आहे. तुम्ही स्कायहॉकमध्ये असाल आणि चेरोकीची हाक त्याच फायनलवर आली, पण तो दिसत नसेल, तर तो वर असण्याची शक्यता आधी धरा. लगेच विचारा आणि संशय फिटत नसेल तर बाजूला होऊन पुन्हा फेरी मारा.

म्हणून इथे नाव असं निवडा की ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर आकार उभा राहील. मॉडेल फारसं कुणाला ठाऊक नसेल तर पहिल्या हाकेत दोन शब्द जोडा: ‘लो विंग’, ‘बायप्लेन’, ‘ट्विन’. पंख पुढे-मागे अदलाबदल केल्यासारखं दिसणारं लाँग-ईझी असेल तर नुसत्या नावानं ज्याला काही कळत नाही तो आकाशात भलतंच शोधत बसेल. ग्लायडर असाल तर ‘ग्लायडर’ हा शब्द कधीही गाळू नका: ग्लायडरला पुन्हा फेरी मारता येत नाही, आणि बाकीच्यांना वाट सोडायची ती त्या एका शब्दावरून.

रंगाचं काय? ‘निळं-पांढरं सेस्ना डाउनविंडवर’ (डाउनविंड म्हणजे सर्किटमधला धावपट्टीला समांतर टप्पा) अशी हाक बऱ्याच ठिकाणी ऐकू येते. अमेरिकन मार्गदर्शनात कॉल साइनच्या जागी रंग सांगणं टाळा असं स्पष्ट म्हटलंय, आणि ते योग्यच आहे. दोन मैलांवरून रंग दिसत नाही, दिसतो तो काळपट ठिपका. त्यात निळी-पांढरी सेस्ना पैशाला पासरी. धावपट्टीवरून बाहेर पडताना मागच्याला सांगायला रंग ठीक आहे, पण कॉल साइनला जोडून, तिच्याऐवजी नव्हे.

हाकेचा साचा असा: विमानतळाचं नाव आणि ‘ट्रॅफिक’, मॉडेल आणि रजिस्ट्रेशन, ठिकाण, धावपट्टी, बेत, आणि शेवटी पुन्हा विमानतळाचं नाव. नाव दोनदा का, तर अमेरिकेत १२२.८ सारखी एकच फ्रिक्वेन्सी अनेक विमानतळ वापरतात आणि उंचीवरून शेजारच्या दोन-तीन ठिकाणांचं बोलणं ऐकू येतं. ‘एनी ट्रॅफिक इन द एरिया, प्लीज ॲडव्हाइज’ हे मात्र म्हणू नका. तेही मार्गदर्शनात नको म्हटलेलंच आहे. सगळे एकदम उत्तर देतात आणि कुणाचंच कळत नाही.

टॅब्लेटच्या पडद्यावर आजूबाजूची विमानं दिसतात, मग बोलायचं कशाला, असं वाटू शकतं. एडीएस-बी यंत्रणा विमानाची ओळख आणि ढोबळ वर्ग प्रक्षेपित करते, मॉडेल नाही. काही ॲप रजिस्ट्रेशनवरून मॉडेल शोधून दाखवतात खरं, पण उतरण्याच्या तयारीत कोण ठिपक्यावर बोट ठेवून वाचत बसणार? आणि वीजयंत्रणाच नसलेल्या जुन्या कबसारख्या विमानांत हे प्रक्षेपण नसण्याचीही शक्यता असते.

स्वतः बांधलेली विमानं आणि इतर अपवाद

प्रायोगिक वर्गातलं, उदाहरणार्थ स्वतः बांधलेलं, विमान अमेरिकेत टॉवर असलेल्या विमानतळावर आणलं तर ते प्रायोगिक आहे हे टॉवरला सांगणं नियमानं बंधनकारक आहे. पहिल्या हाकेत मॉडेल, रजिस्ट्रेशन आणि मागे ‘एक्सपेरिमेंटल’. पुढच्या हाकांत तो शब्द गाळायचा. नाव कोणतं सांगायचं? व्हॅन्सच्या आरव्ही मालिकेतलं असेल तर ‘आरव्ही’ पुरे, आरव्ही-७ मधला सात बोलायचा नाही. कारण वर सांगितलंय: आकडा पुढच्या आकड्यांत मिसळतो. एखाददुसरंच बांधलं गेलेलं, मालकानं स्वतःच नाव ठेवलेलं विमान असेल तर ते लाडकं नाव कंट्रोलरला काही सांगत नाही. त्याला वेग सांगा: ‘अप्रोच स्पीड सेव्हंटी नॉट्स’.

दोन विमानं जोडीनं उडत असतील तर म्होरक्यानं ‘फ्लाइट ऑफ टू’ म्हणायचं, आणि मॉडेल्स वेगळी असतील तर दोन्ही सांगायची.

आणीबाणीत

मेडे, म्हणजे संकटाच्या, हाकेत विमानाचा प्रकार सांगितला की जमिनीवरच्यांना बरंच काही एकदम कळतं: किती लांबीची जागा पुरेल, किती माणसं मावतात, इंजिनं किती, शोधायचं ते किती मोठं. ब्रिटिश साच्यात तीनदा मेडे, स्टेशनचं नाव, कॉल साइन, लगेच प्रकार आणि मग संकट काय ते. इथे छान नाव शोधत बसू नका. तोंडात येईल ते, ‘सेस्ना सिंगल एंजिन’ म्हटलं तरी काम भागतं. आधी विमान उडवा, मग बोला.

रंगाला खरी किंमत येते ती इथेच. फ्लाइट प्लॅनच्या एकोणिसाव्या रकान्यात ए/ पुढे विमानाचा रंग आणि खुणा लिहायची जागा असते. बरेच जण तिथे ‘पांढरा’ एवढंच लिहून मोकळे होतात. शेपूट लाल असेल तर तसं लिहा. बर्फात किंवा वाळूत शोधणाऱ्याला त्या लाल शेपटीचाच आधार होतो.

चुकलं तर

बोलता बोलता चुकीचं मॉडेल किंवा रजिस्ट्रेशन तोंडून गेलं तर ‘करेक्शन’ म्हणा आणि बरोबर ते पुन्हा पूर्ण सांगा. माफी, हसू, स्पष्टीकरण यांत फ्रिक्वेन्सी अडकवू नका.

चूक कंट्रोलरची असेल तर? तुम्ही स्कायहॉक आणि तो ‘चेरोकी’ म्हणतोय. रजिस्ट्रेशन बरोबर आहे ना, मग जाऊ द्या, असं पुष्कळांना वाटतं. जाऊ देऊ नका. तो थोड्याच वेळात दुसऱ्याला सांगणार: ‘फॉलो द चेरोकी ऑन फायनल’. तो दुसरा खाली पंखांचं विमान शोधेल, तुमच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करेल, आणि कदाचित तुमच्याही पुढच्या भलत्याच विमानाला ‘ट्रॅफिक इन साइट’ म्हणून मोकळा होईल. तिथून पुढे अंतर राखायची जबाबदारी ज्याच्यावर, त्याची नजरच चुकीच्या विमानावर. तुमची दुरुस्ती मात्र दोन सेकंदांची: ‘करेक्शन, ट्री अल्फा ब्राव्हो इज अ स्कायहॉक, हाय विंग’.

आणि ‘फॉलो द बोनान्झा’ ही सूचना तुम्हालाच आली, पण बोनान्झा कसं दिसतं हे ठाऊक नसेल, तर ‘लुकिंग’ म्हणा आणि विचारा: लो विंग ऑर हाय विंग? दिसल्याशिवाय दिसलं म्हणू नका.